मुलगा कुठे असतो

कोपरखैरणे
२४ नोव्हेंबर २०२५

मीनावैनी,

तुमचा फोन लागतो, वाजतो आणि वाजून वाजून बंद पडतो. भाऊजींना लावला तर ते म्हणतात, ‘बरी आहे, झोपलीय.’ माणूस रोज कसं काय झोपलेलं असंल? म्हणून आज पोस्टातनं पाकीट आणलं. लग्न झाल्यावर आईला पत्रं लिवायचे, त्यानंतर आत्ताच. अक्षर सांभाळून घ्या.

तुमी जाऊन महिना होऊन गेला. तुमच्या घरात भाडेकरू आलेत. नवरा-बायको दोघंच, दोघंबी कामाला जातात. दार कायम बंद. आपली दारं कधी बंद असायची का? अजून माझ्या हातनं आमटी जास्त होते. वाटी भरते, दार उघडते, समोर बघते आणि आत येते.

एक विचारते, रागावू नका. आमी कुठं कमी पडलो का? तुमचा ऋषी गेला तवा अख्खी बिल्डिंग तुमच्या दारात होती. किती दिवस तुमाला गॅस पेटवू दिला न्हाई. गणपतीत सोसायटीनं स्पीकर लावला न्हाई, सितारामकाकांनी सगळ्या पोरांना दम देऊन ठेवला होता. आणि तुमी दिवाळीच्या तोंडावर टेम्पोत सामान भरलं आणि करंजाड्याला निघून गेला. मला आदल्या दिवशी सांगितलं.

चारी अंगांनी मोकळं घर, स्वतःचं गेट, वरती कोणाचा संडास न्हाई, खाली कोणाची खटखट न्हाई. आमच्या साताऱ्याकडं त्याचं काय न्हाई, पण इथं एकाच्या डोक्यावर एक अशी माणसं ऱ्हातात, तिथं असं घर मिळणं म्हणजे नशीबच. प्राचीचे पप्पा मार्केटातनं आले की रोज म्हणतात, भाऊजींनी बरं केलं. पण वैनी, एवढ्या मोकळ्यात तुमी दोघं दिवसभर करता काय? बोलता कोणाशी?

ज्ञानेश्वरी


करंजाडे
५ डिसेंबर २०२५

ज्ञानेश्वरी,

पत्र मिळालं. फोन उचलला की पलीकडचं माणूस रडायला लागतं. मग मी त्याची समजूत घालते. आता ते होत नाही. लिहिलेलं बरं.

तुम्ही कमी पडला नाहीत. तसं मनात आणू नकोस. पण मी लिफ्टमध्ये शिरले की आतलं बोलणं थांबायचं. तिसऱ्या मजल्यावर बारसं झालं तेव्हा मला बोलावणं नव्हतं, पेढे मात्र वॉचमनच्या हाती आले. तुमच्याकडे टीव्ही लागायचा आणि लगेच आवाज कमी व्हायचा. प्राची हसायची आणि मध्येच गप्प व्हायची. तू तिला हाताने खूण केली असशील, ते मला भिंतीतून कळायचं. एक दिवस हे म्हणाले, आपल्यामुळे लोकांना स्वतःच्या घरात नीट हसता येत नाही. त्यांनी घर बघायला सुरुवात केली. मी बघायला गेले नाही, सरळ राहायलाच आले.

घर लहान आहे. खाली दोन खोल्या, वर एक रिकामी. चारही बाजूंनी फिरता येतं, तेवढी जागा सोडली आहे. दुपारी मी फिरते. आजूबाजूला उंच बिल्डिंगी उठतायत, दिवसभर क्रेनचा आवाज असतो, पण तो माणसांचा नाही.

हे सकाळी गेट पुसतात. मग बाजारात जातात, फिरायला जातात. रबाळ्याची कंपनी सुटली तरी निघायची वेळ तीच ठेवलीय. आमचं भांडण नाही. बोलणंही फार नाही. परवा जेवण झाल्यावर भांडी घासताना लक्षात आलं की भाजीत मीठ घातलंच नव्हतं. दोघंही पोटभर जेवलो होतो.

शेजारी बाळाबाई आहे. इथल्याच गावची आगरी बाई, इथे पूर्वी त्यांची भातशेती होती. कुंपणावरून बोलते. बोलायला चांगली आहे.

प्राचीचं कसं चाललंय?

मीना


कोपरखैरणे
१८ जानेवारी २०२६

मीनावैनी,

संक्रांतीनंतर आमी दोघं तुमच्याकडं येऊन गेलो, त्याला आज तीन दिवस झाले आणि मला धड काम सुचत न्हाई.

तुमाला बघून बरं वाटलं का वाईट, तेच कळंना. तुमी चहा केला, वड्या खाल्ल्या, सगळं विचारलं. पण घड्याळासारखं. तुमचं घर छान हाय. लय स्वच्छ हाय. मी एकदाबी ऋषीचं नाव काढलं न्हाई, तुमीबी न्हाई, आणि त्याचा फोटो कुठंच दिसला न्हाई. मी समजले की बघवत नसंल म्हणून ठेवून दिला.

निघताना तुमी आत पाणी बंद करायला गेला. तेवढ्यात ती तुमची बाळाबाई कुंपणाशी आली. मला म्हणाली, ‘तुमी रुशीच्या आईच्या ओलखीच्या का?’ मी हो म्हटलं. तर म्हणते, ‘मंग तुमी तरी सांगा त्या पोराला. आता इमानतल दारात आला, डोक्यावरशी इमाना जातान, तरी हैदराबादशी यावाला त्याला टाइम नाय. आई इथं वाट बगते.’

वैनी, मी आधी तुमच्या दाराकडं बघितलं. आणि मी काय म्हणाले ठाऊक हाय? ‘सांगते’ म्हणाले.

रिक्षात प्राचीच्या पप्पांनी विचारलं, काय म्हणत होती ती? मी म्हटलं, रस्ता विचारत होती. तिच्या स्वतःच्या गावात ती मला रस्ता कशाला विचारंल, पण त्यांनी ते चालवून घेतलं.

त्या म्हातारीची काय चूक होतीय, का तुमी तसं सांगितलंय? मला खरं काय ते लिवा.

ज्ञानेश्वरी


करंजाडे
२७ जानेवारी २०२६

ज्ञानेश्वरी,

मी सांगितलंय.

आलो त्या आठवड्यात ती कुंपणाशी आली. ‘पोरं किती?’ म्हणाली. मी म्हटलं, एक मुलगा. ‘कुठं असतो?’

कोपरखैरण्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सगळ्यांना माहीतच होतं. तिने सहज विचारलं, हातात शेंगांचं सूप होतं, ती पाखडत होती. कुठे असतो. माझ्या तोंडून हैदराबाद निघालं. तिथल्या कंपनीचं त्याला बोलावणं आलं होतं, तुला आठवत असेल. तू भजी केली होतीस. त्यानंतर आठवडाभराने तो टर्फवर क्रिकेट खेळायला गेला, रन काढताना पडला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. पण बोलावणं आलं होतं हे खरं होतं. म्हणून मी हैदराबाद म्हटलं.

मग ती रोज विचारायला लागली. काय खातो, कोण रांधतं. मी सांगते. तिघं मिळून राहतात, एकजण खूप घोरतो, म्हणून ऋषी बाहेरच्या खोलीत झोपतो. हे मी बसून रचत नाही. ती विचारते आणि उत्तर तोंडात येतं. सांगताना मला आनंद होत नाही, वाईटही वाटत नाही. नळाखाली बादली भरत असते तशी मी उभी असते. ती गेली की आत येते.

बिल्डिंगमध्ये हे झालं नसतं. तिथे तुम्ही सगळे मिळून त्याला रोज मेलेला ठेवत होता. तुझ्यावर राग नाही. तिथे दुसरं काही शक्यच नव्हतं. भिंती एकमेकांना लागून आहेत, एका घरात कळलं की सगळ्या घरांत कळतं. इथे चारी बाजूंना मोकळी जागा आहे.

ह्यांना यातलं काही माहीत नाही. ते कुणाशी बोलत नाहीत, म्हणून कळणारही नाही. तू सांगू नकोस.

मीना


कोपरखैरणे
९ फेब्रुवारी २०२६

मीनावैनी,

कोणाला सांगणार न्हाई. पण तुमचं पत्र वाचून मला राग आला, ते लिवून टाकते, नायतर पोटात राहील.

मीबी त्याला भरवलंय. शाळेतनं आला आणि तुमी घरी नसला की आमच्याकडं जेवायचा. प्राचीला आणि त्याला मी एका ताटात वाढलंय. त्याला चहा लागायचा तो माझ्या हातचा. तुमी म्हणता, आमी त्याला मेलेला ठेवला. वैनी, तो गेला म्हणून आमी रडलो. आता तुमच्याकडं तो हैदराबादला हाय. मग इथं मी एकटीच कोणासाठी रडते?

जास्त लिवत न्हाई. आमच्याकडं सगळं ठीक. घराला रंग काढलाय. असंच, उन्हाळ्याच्या आधी झालेला बरा म्हणून. सामान हलवाहलवीत पुढचं पत्र लिवायला उशीर होईल.

ज्ञानेश्वरी


करंजाडे
३ मार्च २०२६

ज्ञानेश्वरी,

तुझा राग बरोबर आहे. तो वाचून मला काही झालं नाही, हे मात्र तुला सांगायला हवं. काही व्हायला हवं होतं.

इथे एक गोष्ट घडली. काल सकाळी बाळाबाई कुंपणाशी न थांबता गेट उघडून आत आली. एरवी येत नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘बाय, तुजा पोरगा खरा कुठं हाय? हैदराबादला का पुन्याला?’

मी म्हटलं, हैदराबादला.

‘तुजा नवरा आमच्या नामाला बोलला, पुन्याला हाय. शनवार-रयवारी येतो. नामा म्हनतो, आई, आपुन तर कंदी कोनाला येताना बगला नाय.’ नामा तिचा मुलगा. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘नवरा एक बोलतो, बायको दुसराच बोलते. पोरान काय केलाय? जेलात हाय का?’

मी नाही म्हटलं.

‘मंग पलून गेला? मना सांग. मी गावात बोलनार नाय.’

मी पुन्हा नाही म्हटलं. ती उठून गेली. तिला माझी कीव आली होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

हे भाजी घेऊन आले. मी दारातच विचारलं, ‘नामाला तुम्ही काय सांगितलंत?’

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. एकेक भाजी काढून टोपलीत लावायला लागले. पिशवी रिकामी झाल्यावर म्हणाले, ‘तू काय सांगितलंस?’

‘हैदराबाद.’

‘एवढ्या लांब?’

‘लांब असला की कधी येणार असं कुणी विचारत नाही.’

‘मी पुणे म्हटलं,’ ते म्हणाले. ‘जवळ आहे. मनात आलं की येता येतं.’

मग त्यांनी टोमॅटो धुवायला घेतले. पाठ माझ्याकडे होती. ‘वरची खोली त्याची आहे असंही सांगितलंय,’ म्हणाले. ‘सुताराला पलंग सांगितलाय.’

‘वर झोपणार कोण?’

‘ते ठरवलं नाही.’

ज्ञानेश्वरी, जुलैपासून आम्ही त्याच्याबद्दल एक वाक्य बोललो नव्हतो. काल बोललो. कशावर, तर दोन्हींतलं कुठलं शहर बरं यावर. मी म्हटलं, हैदराबादची कंपनी मोठी होती. ते म्हणाले, पुण्याला तुझी बहीण आहे, आजारी पडला तर कुणीतरी बघेल. मी म्हटलं, त्याला माझ्या बहिणीच्या हातचं आवडत नाही. ते म्हणाले, रोज कशाला, कधीतरी. असं चाललं होतं. मग एकदम दोघंही थांबलो. हे टोमॅटो पुसत बसले.

ते त्यांच्या फेऱ्यांमध्ये हेच करत होते. मी समजत होते, ते कुणाशीच बोलत नाहीत.

आता बाळाबाईला वाटतं तो तुरुंगात आहे. ते मला चालणार नाही. तो कुणाचं पेनसुद्धा न विचारता घेत नसे. पण काय सांगायचं ते मला कळत नाही.

आणि रंगाचं म्हणालीस, ते प्राचीच्या लग्नासाठी ना? ह्यांच्या फोनवर अजून सोसायटीचा ग्रुप आहे. पत्रिका त्यावर आली. ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलंय. आमच्याकडे आली नाही.

मीना


कोपरखैरणे
१० मार्च २०२६

मीनावैनी,

तुमचं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं. घरात पाव्हणे होते.

पत्रिका तुमच्या नावाची लिवून कपाटात पडलीय. एकदा पिशवीत घालून पनवेलपर्यंत आले आणि माघारी फिरले. सासूबाई गावाकडनं आल्यात, त्या म्हणतात, ज्या घरात वरीस झालं न्हाई त्या घरात अक्षत न्यायची न्हाई. पण सगळं त्यांच्यावर ढकलत न्हाई. मलाच भ्या वाटलं. प्राची मुंडावळ्या बांधून उभी राहील आणि तुमी समोर बसून बघाल, आणि तिच्यात न् ऋषीत एका महिन्याचं अंतर. मला तुमच्या तोंडाकडं बघवलं नसतं. तुमच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी मी पत्रिका दाबली.

प्राचीला कळलं, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. तिचे पप्पा कधी आवाज चढवत न्हाईत, त्यांनीबी मला सुनावलं. ‘पन्नास किलोचं पोतं उचलताना बी माणूस शेजारच्याला हाक मारतो, तू शेजारच्यालाच वगळलंस,’ म्हणाले.

पत्रिका या पत्रासोबत हाय. यायचं का न्हाई ते तुमी ठरवा. आलात तर पुढं बसायचं.

बाळाबाईचं म्हणाल तर खरं सांगा. पोराचं नाव जेलात जायला नको. तुमाला जमत न्हाई असं वाटलं तर मी येते आणि सांगते. पण हे आईनं सांगावं असं मला वाटतं.

आणि वैनी, तुमचे भाडेकरू जूनमध्ये सोडणार हायत. परत या ना.

ज्ञानेश्वरी


करंजाडे
१४ एप्रिल २०२६

ज्ञानेश्वरी,

उत्तराला उशीर झाला. रोज बाळाबाईकडे जायचं ठरवत होते आणि घराभोवती फिरून आत येत होते. शेवटी गेल्या बुधवारी गेले.

ती ओसरीवर वाल निवडत होती. सून गोजरा आत भाकऱ्या थापत होती. मी उभ्यानेच म्हटलं, ‘बाळाबाई, माझा मुलगा तुरुंगात नाही. तो गेला. जुलैमध्ये.’

‘गेला म्हंजे?’

‘वारला.’

तिचे हात सुपात तसेच राहिले. आतला भाकरीचा आवाजही थांबला.

‘मंग इतकं दिस मना त्याचा जेवान-खान काय सांगत व्हतीस?’

‘माहीत नाही,’ मी म्हटलं.

‘मी देवाला त्याचा नाव घेऊन सांगतली रोज. याला परमुलखात सुखी ठेव म्हनून. मना याड्यात काडलंस?’ तिचा आवाज चढला होता. तिने सूप उचललं आणि आत निघून गेली. मी घरी आले. ह्यांना म्हटलं, सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले. मला वाटलं, आता इथलंही संपलं. आता दोघंच.

जेवणाची वेळ झाली म्हणून मी कुकर लावायला घेतला, तर गेट वाजलं. बाळाबाई, गोजरा आणि मागे गावातल्या आणखी बायका. त्यांच्या डोक्यावर जेवणाचे टोप होते. बाळाबाईने आत येऊन आधी गॅस बंद केला. म्हणाली, ‘आज तुमच्या घरान चूल पेटवाची नाय.’

मी म्हटलं, ‘बाळाबाई, त्याला किती महिने झाले.’

‘तुमाला झालं. आमाला आज कललं. आमच्यासाठी त्यो आज गेला.’

आणि ती खाली बसली आणि त्याचं नाव घेऊन मोठ्याने रडायला लागली. ऋषी म्हणता येत नाही तिला, रुशी म्हणते. बाकीच्या बायकांनी तर त्याचं नावही त्याच दिवशी ऐकलं असेल, त्याही रडल्या. ज्याच्यापासून पळून आलो होतो ते सगळं दार उघडून आत आलं होतं. मी सवयीने म्हणायला गेले, असू द्या, शांत व्हा. तिने मला बोलूच दिलं नाही. ताटं मांडली, भात वाढला, वालाचं कालवण वाढलं. ‘तू आमाला नको समजावू. तू जेव.’

हे समोर बसले होते. दोन घास खाल्ले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना ते पुसायचं सुचत नव्हतं. रडत होते आणि जेवत होते. गोजराने भात पुढे केला तर मान हलवून घेतला. मग तोही खाल्ला.

मी रडले नाही. तू विचारशील म्हणून लिहिते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला भूक लागली होती. इतकंच कळलं, की मला भूक लागलीय.

त्यानंतर बाळाबाई एक दिवस बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन म्हणाली, ‘त्याचा फोटू हाय का?’ मी पेटीतून काढून दाखवला. तिने पदराला हात पुसून धरला. म्हणाली, ‘मी बारीक समजत व्हते. ह्यो तर चांगला उंच हाय.’ फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे.

जूनमध्ये परत येणार नाही. तुमच्यासाठी जीव तुटत नाही असं नाही. पण ह्यांनी मागे शेवगा लावलाय, आणि सुताराने पलंग आणून वर ठेवलाय. दुपारी हे तिथे पडतात. मी वर गेले नाही अजून. जाईन.

लग्नाला येतो. सासूबाईंना चालत नसेल तर मागे बसू, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. प्राचीला सांग, हळद लावून घे, काकू येतेय.

आहेराचं पाकीट आणलं. आपल्याकडे पाकिटावर नावं ऋषीच लिहायचा, अक्षर चांगलं म्हणून. आमच्या दोघांची आणि खाली स्वतःचं. काल ह्यांनी पेन घेतलं. माझं नाव लिहिलं, त्यांचं लिहिलं. मग पेन तसंच धरून बसले. मी समोर होते. थोड्या वेळाने त्यांनी टोपण लावलं.

रविवारी आम्ही दोघं येतो.

मीना